जमीन एक, खरेदीखतं दोन : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच दुखण्याची आहेत. जमीन एक, तिचे मालक म्हणवणारे दोन, दोघांकडं कागद आहेत आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतंय. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून हे सगळे प्रश्न एकत्र घेतलेत, नावं आणि गावं काढून टाकलीत. एक गोष्ट आधीच सांगते कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे. सगळ्यांनी ७/१२ वर कुणाचं नाव लागलंय ते पहिल्याच ओळीत लिहिलंय आणि खरेदीखताची तारीख कुठंतरी शेवटी, काहींनी तर लिहिलीच नाही. कोर्ट बरोबर उलटं वाचतं.

प्रश्न : मॅडम, वडिलांनी २०११ ला रजिस्टर खरेदीखत करून जमीन घेतली, पूर्ण पैसे दिले, ताबा पण घेतला, आजपर्यंत आम्हीच कसतोय. पण फेरफार करायचा राहून गेला. तलाठ्याकडं अर्ज दिला होता म्हणतात पण पोच नाही. ७/१२ ला विकणाऱ्याचंच नाव राहिलं. तो माणूस वारला, मुलांनी वारस नोंद करून घेतली आणि २०२४ ला तीच जमीन दुसऱ्याला रजिस्टर खरेदीखतानं विकली, त्याचं नाव लागलं पण. तो म्हणतो मी ७/१२ बघूनच घेतली, त्यात तुमचं नाव कुठंय. आम्ही हरकत घेतली ती मंडळ अधिकाऱ्यांनी फेटाळली, आता प्रांतांकडं अपील आहे. आमचे वकील म्हणतात साधा मनाईचा दावा टाकू. बरोबर आहे का?

उत्तर : दादा, तुमची बाजू चांगली आहे हे पहिल्यांदा सांगते, कारण पत्रावरून घरातले सगळे घाबरलेले दिसतायत.

२०११ ला खरेदीखत रजिस्टर झालं त्या दिवशी त्या माणसाची मालकी संपली. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या कलम ५४ प्रमाणं शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत रजिस्टर खरेदीखतानं जाते, फेरफारानं नाही. आणि कलम ४८ सांगतं की एकाच माणसानं एकाच मिळकतीवर वेगवेगळ्या वेळी हक्क दिले तर नंतरचा हक्क आधीच्या हक्काच्या खाली राहतो. मुलांना वडिलांकडून काय मिळणार, तर वडील वारले त्या दिवशी त्यांच्या मालकीचं जे होतं तेवढंच. ही जमीन तेव्हा त्यांची नव्हतीच, मग वारसांना ती आली कुठून आणि त्यांनी विकली काय? वारस नोंद झाली म्हणून गेलेली जमीन परत येत नाही.

आता ७/१२ चं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १५७ मध्ये लिहिलंय की नोंद खरी धरायची, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. म्हणजे नोंदीला वजन आहे, समोरच्याला त्याचा थोडा फायदा मिळेल, पण तुमचं आधीचं खरेदीखत समोर आलं की ते गृहीतक टिकत नाही. सुप्रीम कोर्टानं हे किती वेळा सांगितलंय, १९९६ ला सावरणी विरुद्ध इंदर कौर मध्ये सांगितलं, १९९७ ला बलवंत सिंग विरुद्ध दौलत सिंग मध्ये सांगितलं, २०२१ ला जितेंद्र सिंग विरुद्ध मध्य प्रदेश मध्ये परत सांगितलं, की फेरफार नोंदीनं मालकी तयार होत नाही आणि जातही नाही, ती नोंद महसुलाच्या कामापुरती आहे. तरी लोक मंडळ अधिकारी, प्रांत, अपर जिल्हाधिकारी, पुढं मंत्रालय असं नोंदीसाठीच भांडत राहतात आणि हक्काचा दावा दिवाणी कोर्टात टाकायचा राहून जातो, त्याची मुदत मागं निघून जाते. मला या प्रकाराची खरंच काळजी वाटते कारण चांगली बाजू असलेली माणसं यात हरतात. प्रांतांकडचं अपील चालू राहू द्या, पण त्याच्या निकालाची वाट बघत बसू नका.

आता वकिलांच्या सल्ल्याचं. नुसती मनाई मागितली तर माझ्या मते दावा अर्धा राहील. अनथुला सुधाकर विरुद्ध पी. बुच्ची रेड्डी या २००८ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं नीट फोड करून सांगितलंय. मालकीबद्दल खरा वाद नसेल, कुणीतरी उगाच येऊन अडथळा करतोय, तर मनाई पुरते. पण समोरच्याच्या हातात पण रजिस्टर कागद आहे, ७/१२ वर त्याचं नाव आहे, म्हणजे तुमच्या मालकीवर सावट आलंय, तर मग मालकी जाहीर करून मागा आणि त्याच्याबरोबर मनाई मागा. आणि ताबा गेलेला असेल तर ताबा पण त्याच दाव्यात मागावा लागतो, कारण स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ३४ मध्येच आहे की जे पुढचं मागता येत होतं ते न मागता नुसतं जाहीर करून मागितलं तर कोर्ट देणार नाही. वर्षानुवर्षं चाललेले दावे शेवटी या एका चुकीवर जातात. तुमचा ताबा आज तुमच्याकडं आहे, पण दावा चालू असताना त्यानं घुसखोरी केली तर लगेच दाव्यात दुरुस्ती करून ताबा मागायचा, हे वकिलांना आताच सांगून ठेवा.

दुसरं खरेदीखत रद्द करून मागायचं का, हे पण बऱ्याच जणांनी विचारलंय. त्या कागदावर तुमची किंवा वडिलांची सही नाही. सुहृद सिंग विरुद्ध रणधीर सिंग, २०१० चा निकाल, त्यात म्हटलंय की ज्यानं कागदावर सही केलीय त्याला तो नको असेल तर त्यानं रद्द करून मागावा, ज्याची सही नाही त्यानं तो आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागावं. कोर्ट फी पण त्यानुसार बदलते, म्हणून प्रार्थनेतली, म्हणजे दाव्यात कोर्टाकडं जे मागतो त्याची, भाषा महत्त्वाची.

मुदत. जाहीर करून मागायच्या दाव्याला तीन वर्षं, मुदत कायदा १९६३ चा अनुच्छेद ५८, आणि ती दावा करायचं कारण पहिल्यांदा झालं तेव्हापासून मोजतात, शेवटच्या भांडणापासून नाही. मालकीच्या आधारावर ताबा मागायचा असेल तर अनुच्छेद ६५, बारा वर्षं, आणि ताब्याबरोबर मालकी जाहीर करून मागितली तरी बारा वर्षंच धरायची असं सोपानराव विरुद्ध सय्यद महमूद या २०१९ च्या निकालात आहे. तुमच्याकडं ताबा आहे म्हणून तुम्ही तीन वर्षांचंच गणित डोक्यात ठेवा. खरेदी २०२४ ची आहे, हरकत कधी घेतली ती तारीख बघा आणि आजच वकिलांना भेटा.

समोरचा काय म्हणेल तेही सांगून ठेवते. तो मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४१ काढेल, की खऱ्या मालकानंच नोंद जुन्या माणसाच्या नावावर राहू दिली, मी चौकशी करून चांगल्या मनानं पैसे दिले. त्याला उत्तर असं की चौकशी म्हणजे फक्त ७/१२ बघणं नाही. तुमचं खरेदीखत इंडेक्स टू मध्ये, म्हणजे रजिस्टर ऑफिसच्या सूचीत, २०११ पासून पडून आहे, कुणीही शोध घेतला असता तर दिसलं असतं. त्यात जमीन तुम्ही कसताय, आणि कसणारा कुठल्या हक्कानं कसतोय हे न विचारणाऱ्याला मला माहीत नव्हतं म्हणता येत नाही, रजिस्टर कागद आणि प्रत्यक्ष ताबा या दोन्हींना कायदा माहिती दिल्यासारखंच धरतो.

म्हणून आता कागद गोळा करा. मूळ खरेदीखत हरवलं असेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते. इंडेक्स टू, पैसे दिल्याचा पुरावा, खरेदीखतावरचे साक्षीदार हयात आहेत का ते, शेतसाऱ्याच्या पावत्या, ई-पीक पाहणी, विहिरीचं वीजबिल, जे असेल ते. आणि एक लक्षात ठेवा, दावा तुम्ही टाकणार म्हणजे सिद्ध तुम्ही करायचंय. २०१४ च्या वासवी सोसायटीच्या निकालात स्पष्ट आहे की वादीनं स्वतःच्या हक्काच्या बळावर जिंकायचं, समोरच्याचा कागद कच्चा आहे म्हणून नाही.

दावा दाखल करताना तात्पुरत्या मनाईचा अर्ज त्याच दिवशी द्या, विक्री, गहाण आणि बांधकाम तिन्हीला. विकणाऱ्याच्या सगळ्या वारसांना प्रतिवादी करा. आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडं रजिस्टर करून घ्या. दावा चालू असताना घेणाऱ्यावर निकाल बंधनकारक असतो हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५२ सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्याकडं १९३९ ची मुंबईची दुरुस्ती आहे, तिच्यामुळं मुंबई आणि अधिसूचित भागांत ही नोटीस रजिस्टर केल्याशिवाय ते संरक्षण मिळत नाही. तुमचा भाग त्यात येतो का हे वकील सांगतील पण मी म्हणते येत नसला तरी करून टाका, शोध घेणाऱ्याला दिसतं आणि तिसरा माणूस फसत नाही.

प्रश्न : आमचं खरेदीखत ३ तारखेला लिहून सह्या झाल्या पण रजिस्टर व्हायला दोन महिने गेले. मधल्या काळात त्याच माणसानं दुसऱ्याला लिहून दिलं आणि त्याचं आमच्या आधी रजिस्टर झालं. मग त्याचं आधीचं धरणार का?

उत्तर : नाही. नोंदणी कायदा १९०८ चं कलम ४७ यासाठीच आहे, कागद एकदा रजिस्टर झाला की तो सही झाली त्या दिवसापासून लागू धरतात, रजिस्टर झाला त्या दिवसापासून नाही. कंवर राज सिंग विरुद्ध गेजो या २०२४ च्या निकालात सुप्रीम कोर्टानं हेच लावलंय. फक्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत कागद रजिस्टर करायला सादर झालेला पाहिजे, तो तुमचा झालाय. पण तारीख मागची टाकलीय असा आरोप होणारच, तेव्हा स्टॅम्प कधी घेतला, पैसे बँकेतून कधी गेले हे जुळवून ठेवा.

प्रश्न : एकाच जमिनीचं दुसरं खरेदीखत रजिस्टर ऑफिसनं केलंच कसं? त्यांच्याच कॉम्प्युटरवर पहिलं दिसतंय. त्यांच्यावर केस करता येईल का?

उत्तर : तुमचा राग समजतो, मलाही हे पटत नाही, पण कायदा आज असा आहे. दुय्यम निबंधक बघतात की सही करणारा माणूस तोच आहे का, त्यानं सही कबूल केली का, स्टॅम्प आणि फी बरोबर आहे का. विकणाऱ्याची मालकी आहे का हे तपासायचं काम त्यांना दिलेलंच नाही. तमिळनाडूनं तसा नियम करून बघितला, आधीचा मालकीचा कागद दाखवा मगच रजिस्टर करू, तो नियम सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०२५ ला के. गोपी यांच्या प्रकरणात रद्द केला, कारण मूळ नोंदणी कायद्यात निबंधकाला मालकी ठरवायचा अधिकारच नाही. म्हणजे रजिस्टर झालं याचा अर्थ सरकारनं मालकीवर शिक्का मारला असा होत नाही. ऑस्ट्रेलियात १८५८ पासून टॉरेन्स पद्धत आहे, तिथं सरकारी रजिस्टरवर ज्याचं नाव तोच मालक, आणि त्याची हमी सरकारची. आपल्याकडं तशी हमी नाही, नीती आयोगानं २०२० ला मॉडेल कायदा काढला होता, पण अजूनही कागदांची साखळी तपासायची जबाबदारी घेणाऱ्यावरच आहे. त्यामुळं ऑफिसवर केस करण्यात वेळ घालवू नका. तोतया माणूस उभा करून सही केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तिथं नोंदणी कायद्याखालीच गुन्हा होतो आणि तशी तक्रार जरूर करा.

प्रश्न : माझं साठेखत आधीचं, नोटरी केलेलं, निम्मे पैसे दिलेत. त्यानं नंतर दुसऱ्याला रजिस्टर खरेदीखत करून दिलं. आधीचा कागद माझा म्हणजे जमीन माझी ना?

उत्तर : नाही काका, आणि हे स्पष्ट सांगितलेलं बरं. साठेखतानं जमिनीत हक्क येत नाही, खरेदीखत करून मागायचा हक्क येतो. ते मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ मध्येच लिहिलंय. सुरज लॅम्प प्रकरणात ऑक्टोबर २०११ ला सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं, मुखत्यारपत्र, साठेखत आणि मृत्युपत्र असा संच करून जमीन विकता येत नाही.

पण हातातून सगळं गेलं असंही नाही. साठेखताप्रमाणं खरेदीखत करून द्या असा दावा टाकता येतो आणि त्यात दुसऱ्या खरेदीदारालाही प्रतिवादी करायचं, तो असा माणूस आहे का ज्यानं पूर्ण किंमत दिली, चांगल्या मनानं दिली आणि तुमच्या साठेखताची त्याला माहिती नव्हती, हाच त्या दाव्याचा जीव. तिन्ही गोष्टी त्यानं दाखवल्या तर तुम्हाला जमीन मिळणार नाही, पैसे आणि नुकसान भरपाई मिळेल. साठेखत रजिस्टर केलं असतं तर शोध घेताना त्याला दिसलं असतं, मला माहीत नव्हतं म्हणणं त्याला जड गेलं असतं. तुमचा जमिनीवर ताबा असेल तर ते मोठं बळ आहे. मात्र ताबा आहे म्हणून मला काढताच येत नाही असं त्याच कायद्याच्या कलम ५३-अ खाली म्हणायचं असेल तर २४ सप्टेंबर २००१ नंतरचं साठेखत रजिस्टर असावं लागतं, नोटरीचं चालत नाही. मुदत तीन वर्षं, साठेखतात खरेदीची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर त्यानं नकार दिलेला तुम्हाला कळला तेव्हापासून. आणि उरलेले पैसे द्यायची माझी तयारी होती आणि आहे हे दाखवायला लागतं, त्याला पाठवलेली नोटीस, बँकेतली शिल्लक, असं काहीतरी पाहिजे.

प्रश्न : ताई, मी खरेदीदार आहे. दोन भावांच्या नावावर ७/१२ होता, दोघांनी सह्या केल्या, मी पूर्ण पैसे दिले. आता त्यांच्या बहिणीनं दावा टाकलाय की तिचा हिस्सा आहे. नोंदीत तिचं नावच नव्हतं! मी चोर आहे का?

उत्तर : तुम्ही चोर नाही, पण ती बहीणही चोर नाही. तिचं नाव ७/१२ ला नव्हतं म्हणजे तिचा हिस्सा नव्हता असं होत नाही, आणि आपल्याकडं दोन मालकांची सगळ्यात जास्त भांडणं इथूनच निघतात असं मला वाटतं, कारण बहिणींची नावं लावलीच जात नाहीत किंवा बक्षिसाच्या नावाखाली कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात.

आधी बघा जमीन कसली. बापाची स्वतःची कमाई असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ च्या कलम ८ प्रमाणं मुलीला मुलाइतकाच हिस्सा, आणि हे २००५ पासून नाही, १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मापासून सहहिस्सेदार, आणि बाप त्या दिवशी जिवंत असलाच पाहिजे असं नाही हे विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या ऑगस्ट २०२० च्या निकालानं मिटलं. (महाराष्ट्रानं २२ जून १९९४ ला आधीच दुरुस्ती केली होती, पण त्या दिवसापर्यंत लग्न झालेल्या मुली त्यात नव्हत्या.) एकच दिलासा असा की २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या विक्रीला किंवा वाटपाला या २००५ च्या दुरुस्तीनं धक्का लागत नाही, पण तो वडिलोपार्जित जमिनीपुरता. तुमच्या खरेदीची तारीख तुम्ही लिहिली नाही, ती बघा.

भावांच्या सह्यांनी तुम्हाला भावांचे हिस्से मिळाले, बहिणीचा नाही. सगळं खरेदीखत रद्द होणार नाही. तिला वाटप मागायचा हक्क आहे, आणि तुम्ही त्याच दाव्यात कोर्टाला विनंती करू शकता की तुम्ही घेतलेला तुकडा शक्य तितका भावांच्या वाट्यात टाकावा, त्यांच्या बाकी जमिनी असतील तर बहिणीचा हिस्सा तिकडून भरून द्यावा. कोर्ट बऱ्याचदा हे ऐकतं. म्हणून भावांच्या सगळ्या मिळकतींची यादी दाव्यात आलीय का ते तुमच्या वकिलांना तपासायला लावा, हे काम तुमच्या फायद्याचं आहे आणि तुम्हीच करायला पाहिजे. भावांनी हक्कसोड झालीय म्हणून सांगितलं असेल तर कागद दाखवा म्हणावं, हक्कसोडपत्र रजिस्टर नसेल तर त्यानं हिस्सा सुटत नाही, तलाठ्यासमोरचा जबाब पुरत नाही. आणि जमलं तर बहिणीशी बोला. तिच्या हिश्श्याचं योग्य मोल देऊन तिच्याकडून रजिस्टर कागद करून घेणं, दोन अपिलांपेक्षा खूप लवकर होतं.

प्रश्न : एकाच गटातली जमीन तिघांनी वेगवेगळ्या वेळी घेतली, सगळ्यांची खरेदीखतं खरी आहेत पण क्षेत्राची बेरीज गटाच्या क्षेत्रापेक्षा जास्त येते.

उत्तर : इथं मालकीचा वाद असा दिसतो पण बऱ्याचदा तो नकाशाचा असतो, म्हणून दाव्याच्या आधी मोजणी. एकत्रीकरण योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले तेव्हा आकार बदलले, काही ठिकाणी क्षेत्र चुकलं, आणि काही खरेदीखतं अजून जुन्या नंबरावर लिहिलेली असतात. भूमी अभिलेखकडून जुना टिपण, फाळणी, गट बुकाचा उतारा आणि योजनेचं पत्रक काढा, तिन्ही खरेदीखतांच्या चतुःसीमा शेजारी शेजारी ठेवून वाचा. क्षेत्र आणि चतुःसीमा जुळत नसतील तर साधारणपणे चतुःसीमा धरतात, क्षेत्राचा आकडा मागं पडतो. नुसती चूक असेल तर ती रेकॉर्डमध्ये दुरुस्त होते. पण मूळ मालकानं खरंच होती त्यापेक्षा जास्त विकली असेल तर पहिल्या दोघांचं आधी पुरं होणार आणि शेवटच्याला जे उरेल ते, बाकीचे पैसे त्यानं विकणाऱ्याकडून मागायचे. दाव्यात गेलात तर कोर्ट कमिशनर म्हणून मोजणी अधिकारी नेमून मागा, सुरुवातीलाच मागा, एकट्यानं करून आणलेली मोजणी समोरचा मानत नाही.

प्रश्न : कागद दोघांचेही कच्चे आहेत पण ताबा पंधरा वर्षं माझा आहे, बारा वर्षांचा कायदा लागेल का?

उत्तर : लागू शकतो, २०१९ ला रविंदर कौर ग्रेवाल प्रकरणात सुप्रीम कोर्टानं प्रतिकूल कब्जाच्या जोरावर दावाही टाकता येतो असं म्हटलंय. पण तो ताबा उघड, सलग आणि मालकाच्या विरोधात पाहिजे. त्यानं राहू दिलं, कसायला दिलं, नात्यानं सांभाळायला दिलं, अशा ताब्याची पन्नास वर्षं झाली तरी मालकी होत नाही. आणि मी खरेदीखतानं मालक आहे, आणि मी दुसऱ्याच्या जमिनीवर बारा वर्षं कब्जा करून मालक झालो, ही दोन्ही वाक्यं एकमेकांना कापतात. कुठलं धरायचं ते आधी ठरवा. कागद थोडा जरी धड असेल तर कागदावरच उभे राहा असं मी सांगेन.

प्रश्न : आमची जमीन भलत्याच माणसानं स्वतःची म्हणून विकली. बनावट कागद केल्याची पोलीस तक्रार केली तर खरेदीखत आपोआप रद्द होईल का?

उत्तर : नाही होणार, खरेदीखताचं काय करायचं ते दिवाणी कोर्टच ठरवतं, फौजदारी केस कितीही पुढं गेली तरी. आणि तक्रार लिहिण्याआधी मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार हा २००९ चा निकाल वकिलांना दाखवा. त्यात दोन गोष्टी वेगळ्या केल्यात. कुणीतरी तुमची सही ठोकली किंवा तुमच्या नावानं उभा राहिला तर तो बनावट कागद. पण त्यानं स्वतःच्या नावानं, स्वतःची सही करून, जमीन माझी आहे असं खोटं म्हणून विकली, तर तो कागद कायद्याच्या अर्थानं बनावट होत नाही, भले बोलणं खोटं असेल. तिथं फसवणूक झाली ती ज्यानं पैसे दिले त्याची, म्हणून फसवणुकीची तक्रार त्या खरेदीदारानं करायची असते. तुमच्या बाबतीत दुसरा प्रकार दिसतोय. तुमची बनावट कागदाची तक्रार हायकोर्टात रद्द झाली तर समोरचा तोच आदेश दिवाणी दाव्यात फिरवतो की बघा यांचं काही खरं नव्हतं, आणि ते निस्तरायला उगाच वेळ जातो.

त्यापेक्षा त्या खरेदीदाराला तुमच्या मालकीच्या कागदांच्या प्रती जोडून वकिलामार्फत नोटीस पाठवा. त्याचेही पैसे गेलेत, तो विकणाऱ्याविरुद्ध तक्रारीला उभा राहण्याची शक्यता आहे. १ जुलै २०२४ च्या आधीचा व्यवहार असेल तर भारतीय दंड संहितेचं कलम ४२०, नंतरचा असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. तुम्ही तुमचा मालकीचा दावा त्याच आठवड्यात दाखल करा, तो नोटिशीच्या उत्तरासाठी थांबवू नका.